रहिमाबीनं पाहिलेलं

रहिमाबी वॉर्डात शिरली की आधी पेशंटच्या पायाला हात लावायची. पायाचा अंगठा मुठीत धरायची, क्षणभर थांबायची आणि पुढच्या खाटेकडे जायची. नव्यानं आलेल्या बायका संकोचून पाय ओढून घेत. आईच्या वयाच्या बाईनं आपल्या पायाला हात लावावा हे त्यांना कसंतरीच वाटे. एका सासुरवाशिणीनं तर उठून उलट तिलाच नमस्कार केला होता. तेव्हा रहिमाबी म्हणाली, "पाया पडत न्हाई गं मी. ऊन हाय का गार, ते बघतीया."

सांगलीला विश्रामबागेच्या बाजूच्या एका हॉस्पिटलात मी तेव्हा इंटर्न होते. मोठा दुष्काळ सरून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. रहिमाबी तिथं आया होती. चादरी बदलणं, लघवी-संडासाची भांडी देणं-घेणं आणि पेशंटला लघवी किती झाली ते काचेच्या मापात बघून सिस्टरना सांगणं, हे तिचं काम. तिला अक्षरओळख नव्हती, पण मापावरच्या रेघा पाठ होत्या. एखादीला जेवलीस का म्हणून विचारावं, तितक्या सहज ती खाटेखाटेवर "लघवी झाली का?" असं विचारत जाई. शिकाऊ नर्स तिच्यामागं तोंडाला पदर लावून हसत.

ती मूळची कडेगावकडची, पिंजाऱ्याच्या घरातली. नवरा गाद्यांचा कापूस पिंजायचा. कापसाची बारीक धूळ छातीत जाऊन जाऊन तो खोकत गेला, असं ती सांगायची. धाकट्या मुलीला घेऊन ती सांगलीला आली आणि या कामाला लागली. थोरल्या मुलीबद्दल कधी बोलत नसे.

एकदा मी तिला विचारलं, की पाय गार पडल्याचं एवढं काय घेऊन बसलात? ती म्हणाली, "दुष्काळात आपन काय केलं, बाई? आदी परड्यातल्या झाडाचं पानी तोडलं, मग धुन्याचं. शेवटचा तांब्या पोरांस्नी ठेवला. जीवबी तसंच करतोय. हातापायाचं काढून घेतोय आन् काळजाला देतोय." मला गंमत वाटली. रक्त कमी झालं की शरीर हातापायांच्या, कातडीच्या, मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं आणि उरलेलं रक्त हृदयाकडं, मेंदूकडं वळवतं, हे मी जाड इंग्रजी पुस्तकात वाचलं होतं. त्यावर मला चांगले मार्कही मिळाले होते.

एप्रिलातल्या एका दुपारी कडेगावजवळच्या खेड्यातून एक सासू आपल्या सुनेला एस.टी.नं घेऊन आली. सुनेचं नाव सुनंदा. वय वीस-एकवीस, नवरा मिलिटरीत, महिन्याभरापूर्वीच रजा संपवून गेलेला. सकाळपासून पोटात दुखत होतं आणि स्टँडवर उतरताना ती चक्कर येऊन पडली होती. मी बीपी घेतलं, ते ठीक होतं. नाडी फार जलद होती, पण घाबरली असेल असं मी धरलं. कुठं रक्तस्राव दिसत नव्हता. पाळी चुकली आहे का, एवढं विचारायचं मात्र राहिलं. केसपेपरवर पित्त लिहिलं, औषध दिलं आणि तिला कोपऱ्यातल्या खाटेवर झोपवलं.

तासाभरानं रहिमाबी माझ्या टेबलापाशी आली. हळू आवाजात म्हणाली, की त्या पोरीचे पाय बर्फासारखे झालेत, एवढ्या उन्हाळ्यात कपाळाला गार घाम आहे, सारखी पाणी मागतेय आणि सकाळपासून दोन चमचेही लघवी नाही. मी मान वर न करता म्हटलं, की बीपी चांगलं आहे आणि आता ती कण्हायचीही थांबली आहे.

"त्येच सांगाया आले," रहिमाबी म्हणाली. "गप झालीया ती."

"रहिमाबी, तुम्ही तुमचं काम बघा."

ती वळली आणि वॉर्डाबाहेर गेली. पाच-सात मिनिटांत आमचे सर, म्हणजे तिथले मोठे डॉक्टर, ओपीडी सोडून घाईनं वॉर्डात आले. मला वाटलं, सहज आले असतील. त्यांनी सुनंदाची पापणी खाली ओढून पाहिली, ती पांढरीफटक होती. त्यांनी मला पुन्हा बीपी घ्यायला सांगितलं. पारा उतरत सत्तरच्याही खाली गेला, तेव्हा कुठं पहिला ठोका ऐकू आला. सरांनी पोटात सुई घालून पाहिली. काळपट, न गोठलेलं रक्त सिरिंजमध्ये आलं. गर्भ पिशवीऐवजी नळीत राहिला होता आणि नळी फुटली होती. सगळा रक्तस्राव आत, पोटात चालला होता.

तिच्या गटाच्या रक्ताची एकच बाटली मिळाली. सरांनी पोट उघडलं आणि आत साठलेलं तिचंच रक्त निर्जंतुक वाटीनं उपसलं. गॉजच्या घड्यांतून गाळून ते बाटलीत भरलं आणि तिच्याच शिरेत परत सोडलं. तेव्हा अडचणीला असं करत असत. बाटली धरून मी उभी होते. संध्याकाळी तिच्या ओठांवर जरा रंग आला.

दुसऱ्या दिवशी राऊंडला सर सगळ्यांसमोर मला म्हणाले, "तरुण शरीर शेवटपर्यंत बीपी सांभाळून धरतं आणि मग एकदम सोडतं. इथं फसायला होतं. तुम्ही वेळेवर मला बोलावलंत म्हणून ही वाचली."

मी सरांना बोलावलंच नव्हतं. दाराशी रहिमाबी चादरींचा गठ्ठा घेऊन उभी होती. काय झालं असेल ते मला त्याच क्षणी कळलं. आयाच्या सांगण्यावरून सर ओपीडी सोडून येणार नाहीत, म्हणून तिनं माझं नाव सांगितलं होतं. मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. सर पुढच्या खाटेकडे गेले.

त्यानंतर दोन महिने ती माझ्याशी नेहमीसारखीच वागली आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. माझी म्हसवडच्या दवाखान्यात नेमणूक झाली, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी मी तिच्याजवळ जिन्यात जाऊन बसले. म्हटलं, तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात आणि मी गप्प राहिले.

"तुमच्यासाठी न्हाई बोलले," ती म्हणाली. "पोरीसाठी बोलले." मग थोरल्या मुलीबद्दल तिनं पहिल्यांदा सांगितलं. दुसऱ्या बाळंतपणात सासरी तिला फार रक्त गेलं. तहान तहान करत होती, पाय गार पडले होते. घरच्यांनी गोधड्या घातल्या, विटा तापवून पायाशी ठेवल्या. "मग गप झाली. मला वाटलं, झोप लागली. मी बाकीच्यांस्नी म्हनले, बोलू नगा, उठंल ती."

शेवटी मी विचारलं, की राऊंडला मी गप्प राहिले त्याचं वाईट वाटलं का?

"वाटलं की. लय न्हाई, पन वाटलं. खोटं कशाला बोलू?"

मी तशीच उठून सरांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. ते रागावतील हे मी धरूनच चालले होते. त्यांनी पेनाला टोपण लावून ते बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "तिला तुमचं नाव घ्यावं लागलं, यात माझीही चूक आहेच." त्या दिवसापासून रहिमाबीनं निरोप पाठवला की ड्यूटीवरच्या डॉक्टरनं जाऊन पेशंट बघायचा, असं त्यांनी सिस्टरना सांगून ठेवलं. रहिमाबीला ते फारसं रुचलं नाही म्हणे. तिचं काम वाढलं.

रहिमाबी वारल्याचं मला बऱ्याच वर्षांनी, तिथल्या सिस्टरच्या पत्रातून कळलं. सुनंदाला पुढं दोन मुलं झाली, हेही त्याच पत्रात होतं.

म्हसवडला माझ्या पहिल्याच आठवड्यात, ओपीडीला गर्दी असताना, तिथली आया दाराशी येऊन घुटमळत उभी राहिली. पदर चाचपत म्हणाली, "बाई, मला काय त्यातलं कळत न्हाई, पन..."

पुढचं ऐकायच्या आधीच मी खुर्चीतून उठले होते.