घरच्या डोळ्याचं माप

“हातावरची रेघ न् रेघ दिसते गं, पण समोरून येणारी गाडी म्हणजे नुसता धूर!” दादा खुर्चीत बसत म्हणाला. “झकास मोतीबिंदू काढलात.”

त्याची ही धाकटी बहीण दवाखान्यात डोळे मोजते. ऑपरेशनआधी बुबुळावर पेनाएवढी कांडी टेकवायची, डोळ्याची लांबी घ्यायची, त्यावरून आत बसवायच्या भिंगाचा नंबर ठरतो. कांडी जरा दाबली की डोळा आखूड भरतो न् भिंग चुकतं. म्हणून परक्याचा डोळा ती पुन्हापुन्हा मोजते. दादा दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर, त्याला कामावर जायची घाई होती. घरचाच माणूस म्हणून तिनं त्याला रांग मोडून घेतलं, न् एकदाच मोजलं.

“चष्मा लाव ना.”

“लावला. गरगरतं. मालकानं किल्ली काढून घेतली. डॉक्टरनंच घोळ घातला ना? सांग, सात पिढ्यांचा उद्धार करून येतो.”

“डॉक्टरनं नाही, दादा. माझाच हात जड पडला.”

“मग आता शिव्या तरी कुणाला घालू?” दादा म्हणाला न् उठून गेला.

तिनं कांडी पुसली न् रांगेतल्या पुढच्या आजींना बोलावलं. “या आजी, बसा. समोर बघा, हलू नका.”