छप्पर : तपासले, ठीक

मी गाडीखाली उताणा पडून स्प्रिंगच्या पाट्यांवर टॉर्च मारत होतो, तेवढ्यात वरून बाईचा आवाज आला.

"रामनाथ, ह्यात ओल हाय रं."

मी खाली पडल्या पडल्याच हसलो. चितेगावच्या त्या मोकळ्या प्लॉटवर गाडी सकाळपासून उन्हात तापत उभी होती. ओल कुठली असणार? बाई पहिल्यांदाच अशा गाडीत चढल्यात, काहीतरी बोलणारच, असं मनाशी म्हणालो आणि पुन्हा पाटे बघायला लागलो.

माझा धंदा वाहन सर्व्हेअरचा. अपघात झाला की गाडीचं नुकसान किती ते ठरवून द्यायचं, आणि कुणी जुनी गाडी घेत असेल तर ती घ्यावी की नाही ते तपासून लिहून द्यायचं. तीस वर्षं ट्रक, टिप्पर, बस, ट्रॅक्टर बघितले. इंजिनचा आवाज ऐकून गाडीनं किती मार खाल्लाय ते सांगतो, अशी माझी ख्याती होती. ती पसरवण्यात माझाही हात होताच.

ही गाडी मात्र मोटरहोम होती. मिनीबसच्या सीट काढून आत पलंग, ओटा, गॅस, पाण्याची टाकी, छोटं बाथरूम बसवलेलं. सहलींचा धंदा करणाऱ्या एका गृहस्थांची होती आणि त्यांना ती विकायची होती. घेणारा रामनाथ, बिडकीनजवळच्या एका कंपनीत मेंटेनन्सला. त्याला सहलीला जायचं नव्हतं. त्याचे आईवडील गंगापूर तालुक्यातले, मेंढरं राखणारे. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन बाहेर पडायचं आणि पावसाळ्याच्या तोंडावर परतायचं, मधले सगळे महिने रानात पालं ठोकून राहायचं. मागच्या हिवाळ्यात आईला, म्हणजे गयाबाईंना, न्यूमोनिया झाला. एक फुप्फुस कायमचं अधू झालं. डॉक्टरांनी बजावलं, यापुढे ओलाव्यात झोपायचं नाही, पुन्हा असं झालं तर सांगता येत नाही. वडील मेंढरं विकायला तयार नव्हते. गयाबाई त्यांना एकटं सोडायला तयार नव्हत्या. मग रामनाथनं हा तोडगा काढला. गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहील, मेंढरं रानात बसतील आणि आई कोरड्यात झोपेल.

हे सगळं त्यानं मला फोनवर सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

गाडीचं काम मी चोख केलं. चॅसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली, तो छाप आरसी बुकाशी ताडून बघितला. आरसीवर बस अशी नव्हे, तर कॅरॅव्हॅन अशी नोंद आहे, हे बघितलं, कारण ती नसेल तर पुढे विमा अडतो. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं. जुनं इंजिन तिथून भकाभका धूर सोडतं, हे सोडत नव्हतं. टायरवरचे आकडे वाचून ते कधी बनलेत ते रामनाथला समजावलं. तो मान डोलवत होता. मालक म्हणाले, "सर, तुम्ही असताना आम्ही काय लपवणार?" मला ते आवडलं. आज लिहिताना लाज वाटते, पण आवडलं होतं.

मग मी आत गेलो. गयाबाई पलंगाशी उभ्या होत्या आणि त्यांचा तळहात वर छताला टेकलेला होता. काटक, सावळ्या, साठीच्या आसपासच्या. श्वास जरा मोठ्यानं चालू होता.

"सायब, हितं हात लावून बघा. ओल्या घोंगडीवानी वास येतोय. अन् ही अगरबत्ती कशापायी लावली?"

मालक हसले. "शुभ कामाला लावतात, मावशी."

मी हात लावला नाही. खिशातून हात काढायचेही कष्ट घेतले नाहीत. उलट व्याख्यान दिलं. "मावशी, बंद गाडीत माणसाच्या श्वासाची वाफ धरते. कंडेन्सेशन म्हणतात त्याला. खिडक्या उघड्या ठेवल्या की जातं."

"वाफ म्या बघितलीय. हे वरून आलेलं पाणी हाय. सारा जलम पालात गेला माझा. पाणी कुठून येतंय ते निजल्या निजल्या कळतं."

"मावशी, हे पाल नाही. ही मोटार आहे."

हे मी चढ्या आवाजात म्हणालो नाही. समजुतीच्या सुरात, हसून म्हणालो. त्यानं ते जास्तच लागलं असणार.

रामनाथ अवघडला. "आई, सायबांना काम करू दे. त्यांना कळतं त्यातलं."

त्यांनी हात खाली घेतला, पदर सारखा केला आणि कठडा धरून खाली उतरल्या. लिंबाच्या सावलीत जाऊन बसल्या. नंतर एक शब्द बोलल्या नाहीत.

गाडीच्या मागे वर चढायला लोखंडी शिडी होती. मोटरहोमच्या छपराला हवेसाठी एक झडप असते. तिच्या कडेनं रबरासारखा मसाला भरलेला असतो, त्याला सीलंट म्हणतात. उन्हानं तो फुटतो. मग पाणी वरच्या पत्र्याखालून आतल्या प्लायवूडमध्ये मुरतं आणि वरून सगळं ठीकठाक दिसत असताना आतलं लाकूड कुजत राहतं. हे कळायचे दोनच मार्ग. वर चढून सीलंट बघायचं, नाहीतर आतून छत अंगठ्यानं दाबून बघायचं. हे मी वाचलेलं होतं. पण आयुष्य ट्रकमध्ये गेलेलं, आणि गाडी उलटली असेल तरच तिचं छप्पर बघायचं अशी सवय. शिवाय पांढरा शर्ट घातला होता आणि दुपारी एका बँकेत मीटिंग होती. शिडीला हात लावला, ती तापलेली होती. हात काढून घेतला.

माझ्या छापील फॉर्ममध्ये छपराची ओळच नव्हती. ती मी हातानं लिहिली आणि पुढे लिहिलं, "तपासले, ठीक." खाली सही, शिक्का.

गाडी घेतली गेली. थंडी सरता सरता अवकाळी पाऊस झाला. तिसऱ्या दिवशी रामनाथचा फोन आला.

"सर, पलंगावर वरून पाणी आलं. गादी भिजली. आम्ही म्हणलो होतो तिला, गाडीतच नीज, बाहेर येऊ नको. ती ओल्यातच पडून राहिली. कालपास्नं ॲडमिट हाय." मग म्हणाला, "सर, गाडी वाळवून घेतली की चालंल का?"

तो मला जाब विचारत नव्हता. सल्ला विचारत होता.

मी आधी दवाखान्यात जायला हवं होतं. मी म्हणालो, "गाडी शहरात पाठव, बघतो." बसच्या बॉडी बांधणारे सलीमभाई माझ्या ओळखीचे. त्यांनी छताला पेचकस लावला, तो मुठीपर्यंत आत गेला. छताला आतून लावलेला नवा चिकटकागद ओढला तर प्लायवूड भिजलेल्या पावासारखं हातात आलं. नंतर ते शिडीवरून वर गेले आणि तिथूनच ओरडले.

"साब, ये झडप पूरी खुल्ली है! लेते वक्त उप्पर कोई चढ्याच नै क्या?"

"नाही चढलं कुणी," मी म्हणालो.

"किन्ने चेक करा था?"

मी सांगितलं, मी. सलीमभाई सावकाश खाली उतरले आणि चहा मागवायला गेले. वीस वर्षांची ओळख आहे आमची.

तिथून मी दवाखान्यात गेलो. रामनाथ व्हरांड्यात बाकावर बसला होता. मला बघून उठला. मी म्हणालो, "बस. मला सांगायचंय. मी त्या दिवशी छपरावर चढलोच नव्हतो. तरी तपासलं म्हणून लिहिलं."

त्यानं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "ती सांगत व्हती, सर. मीच तिला गप केलं."

मला त्याला म्हणायचं होतं की तू माझ्या भरवशावर गप्प केलंस. ते न म्हणताच मी आत वॉर्डात गेलो.

गयाबाई ऑक्सिजनवर होत्या. धोका टळला होता, असं सिस्टरनी सांगितलं. मला बघून त्यांनी पाय जरा आत घेतले, मला बसायला जागा व्हावी म्हणून. मी उभाच राहिलो.

"मावशी, माझं चुकलं. मी वर गेलोच नव्हतो."

त्यांनी तोंडावरचा मास्क थोडा बाजूला केला. "म्हाईत हाय. लिंबाखालनं समदं दिसत व्हतं."

"मग त्या दिवशी रामनाथला का नाही सांगितलंत?"

"चार माणसांत तुमचा पाणउतारा कशाला करायचा?" असं म्हणून त्यांनी मास्क पुन्हा लावला.

चार माणसांत त्यांचा पाणउतारा मी केला होता. बाहेर माझ्या गाडीपर्यंत कसा आलो, आठवत नाही.

सलीमभाईंनी अख्खं छप्पर उचलून नवं घातलं, आणि तो खर्च कुणाचा हा प्रश्न मी येऊ दिला नाही. मी रोज तिथं जाऊन बसायचो. त्यांना माझा काही उपयोग नव्हता. झडप बसवल्यावर पाइप लावून दोन दिवस छपरावर पाणी सोडलं आणि मी आत पलंगावर पडून वर बघत राहिलो. एक थेंब आला नाही.

माझा छापील फॉर्म मी बदलून घेतला. आता छपराची ओळ सगळ्यात वर आहे. तिच्याखाली दुसरी एक आहे, गाडी वापरणाऱ्याचं म्हणणं. धडा म्हणाल तर एवढाच. घर विकत घ्यायचं असेल तर जो त्यात झोपणार आहे त्याला आधी विचारावं, मग ते घर चाकांवर असलं तरी.

गाडी न्यायला रामनाथ आईला घेऊन आला. त्या अजून थकलेल्याच होत्या. आत चढल्या, छताला तळहात लावला, वास घेतला. मी खाली नवा फॉर्म घेऊन उभा होतो. परीक्षेच्या निकालाला कधी उभा राहिलो नसेन असा.

"सायब, वर गेलता का?"

"गेलतो, मावशी. तीनदा."

त्यांनी पलंगावरची चादर हातानं सारखी केली आणि कुशीवर आडव्या झाल्या.

"मंग निजते म्या जरा," म्हणाल्या.