उजव्या बाजूचा लेप

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी दादाने टँकची डावी बाजू पुरी केली आणि उजवी माझ्यासाठी ठेवली.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. सैन्यात रणगाड्याचा चालक होता. त्याच्या पलटणीतली महाराष्ट्रातली माणसं त्याचं बोलणं ऐकून हसायची. तुझी मराठी जुन्या बखरीतली आहे, म्हणायची. आम्ही कुंभकोणमचे, पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ. साल सत्याऐंशी. मी तेवीस वर्षांची होते आणि टायपिंगच्या क्लासात शिकवत होते. माझी बोटं हलकी आहेत असं दादाचं म्हणणं.

तो टँक प्लॅस्टिकचा होता, हातभरसुद्धा लांब नव्हता. परदेशी जाऊन आलेल्या एका साहेबांनी दादाला सुट्या भागांचं खोकं दिलं होतं. महायुद्धातला जर्मन टँक. सुट्टीभर दादाने तो चिकटवून उभा केला. राहिला होता फक्त लेप.

लेप असा करायचा. पुट्टीच्या दोन कांड्या असतात, एक पांढरी, एक काळपट. दोन्हींचा सारखा तुकडा घेऊन मळायचा, रंग एकजीव होईपर्यंत. मग काचेवर पावडर टाकून बाटलीने पापडासारखा पातळ लाटायचा, टँकच्या अंगावर बसवायचा, चौकोन आखायचे आणि प्रत्येक चौकोनात स्क्रू ड्रायव्हरच्या पात्याने बारीक बारीक आडव्या रेघा दाबत जायचं. पातं दर वेळी पाण्यात बुडवायचं, नाहीतर पुट्टी उचलून येते. हे सगळं चाळीस मिनिटांत. त्यानंतर ती दगड होते.

"पण हे कशासाठी?" मी विचारलं होतं.

"शत्रूचा शिपाई धावत येऊन लोहचुंबकाचा सुरुंग टँकला चिकटवील, अशी जर्मनांना धास्ती होती. खरखरीत लेप असला की तो चिकटत नाही."

"तुमच्या टँकला असतो?"

"आता कोण लावतंय! आता सुरुंग रस्त्यातच पुरून ठेवतात." असं म्हणून त्याने पातं पुसलं आणि वहिनी येताना दिसली तसा विषय बदलला.

पुढे थोड्याच दिवसांत आपली फौज श्रीलंकेत गेली. दादाची पलटणही गेली. आमच्या गावाहून समुद्र काही फार लांब नाही. पलीकडे आपल्या फौजेची तमिळ बंडखोरांशी लढाई चालली आहे हे बाजारात, बसमध्ये, सगळीकडे बोललं जायचं. लोकांची मनं दोन्हीकडे होती. आपला मुलगा तिकडे आहे हे अप्पा चारचौघांत सांगेनासे झाले. ते रोज सकाळी वाचनालयात जाऊन दोन-दोन वर्तमानपत्रं वाचून येत आणि घरी आल्यावर काही बोलत नसत.

दादाची पत्रं आधी दर आठवड्याला यायची. सगळं ठीक, काळजी नको, एवढंच त्यात असायचं. मग तीही थांबली.

वहिनीला सहावा महिना होता. अप्पा तिरुक्करुगावूरला जाऊन गर्भ राखणाऱ्या देवीचं तेल घेऊन आले होते, बाळंतपणात पोटाला लावायला. वहिनी दिवसभर काही ना काही काम काढत असायची, पण जेवणावर तिची वासना नव्हती. दोन घास खाऊन उठायची.

एके दुपारी ती कपाटासमोर उभी राहून टँककडे बघत होती. मी तिला लेपाची हकिकत सांगितली. सांगायला नको होती.

"वन्सं, म्हणजे हा लेप असला की सुरुंगाचं भय नाही?"

"नाही."

"मग ह्यांच्या टँकलाही असेल."

ती माझ्याकडे बघत नव्हती. तिचा हात पोटावर होता.

"असतो की," मी म्हणाले.

त्या दिवशी ती पोटभर जेवली. अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवसापासून तिने माझ्यामागे लकडा लावला. उजवी बाजू कधी करता? तिच्या मनात काय बसलं होतं ते ती बोलली नाही, पण मला कळत होतं. ती बाजू उघडी होती तोवर तिला चैन नव्हतं. आणि मला ती बाजू करायची भीती वाटत होती. दादाने मद्रासहून आणलेल्या कांड्यांतली पुट्टी एकाच वेळेला पुरेल एवढीच उरली होती. गावातल्या दुकानात नळ गळला की लावायची जाडीभरडी पुट्टी मिळायची. ती आणून मी बिस्किटांच्या रिकाम्या डब्यावर सराव केला. पहिल्या वेळी रेघा वाकड्या आल्या, दुसऱ्या वेळी निम्मा पापड पात्याबरोबर उचलला गेला.

आमच्या गल्लीत पंचधातूच्या मूर्ती घडवणारे एक स्थपती राहायचे. मेणावर काम करायची त्यांची शिंगाची पट्टी मी मागून आणली. त्यांनी माझा डबा उलटसुलट करून पाहिला.

"मेण चुकलं तर मी पुन्हा तापवतो," ते तमिळमध्ये म्हणाले. "तुला ती सोय नाही. श्वास रोखू नकोस. हात त्यानेच थरथरतो."

शेवटी एका शनिवारी मी बसले. अप्पा वाचनालयात गेले होते. वहिनी समोर पाटावर बसली, घड्याळ मांडीवर घेऊन. पुट्टी मळली, लाटली, बसवली. चौकोन आखले. पहिली ओळ नीट आली. दुसरीही. वहिनी हलक्या आवाजात मिनिटं सांगत होती. "बारा." "पंधरा." पट्टी पाण्यात, पट्टी पुट्टीवर, पुन्हा पाण्यात. माझ्या कपाळावरचा घाम तिने पदराने टिपला.

बावीस मिनिटं झाली तेव्हा दारात सायकलची घंटी वाजली.

"तार!"

वहिनी उठली. मीही उठले असते, पण दोन्ही हात पुट्टीने माखले होते.

"वहिनी, उघडू नका. अप्पांना येऊ द्या."

"मला इंग्रजी वाचता येतं," ती म्हणाली. सही केली आणि दारातच पाकीट फाडलं. मला तिची फक्त पाठ दिसत होती. तारवाला निघून गेला तरी ती तशीच उभी.

"वहिनी, काय आहे? सांगा ना!"

"जखमी आहेत." तिने एकेक शब्द वाचला. "सुरुंगाचा स्फोट. मद्रासच्या लष्करी इस्पितळात आणलंय. प्रकृती स्थिर." मग ती वळली. "स्थिर म्हणजे काय, वन्सं? आणि सुरुंग कसा? लेप होता ना?"

हातातली पट्टी पुट्टीत रुतून बसली होती.

"खोटं बोलले मी," मी म्हणाले. "आताच्या टँकला लेप नसतो. दादाने मला सांगितलं होतं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने तार घडी करून कनवटीला लावली, आत गेली आणि कडी घातली. अप्पा येईपर्यंत मी तिथेच बसून होते. निम्म्या बाजूला रेघा होत्या, उरलेली निम्मी सपाटच वाळून गेली.

त्याच दिवशी आम्ही तिघं मद्रासला निघालो. गाडीत ती अप्पांशी बोलली, पाणी प्यायली, अप्पांनी आग्रह केला म्हणून इडलीही खाल्ली. माझ्याशी एक शब्द नाही. स्थिर म्हणजे काय, याचा विचार आम्ही तिघं आपापल्या खिडकीशी करत होतो. पाय नसेल का? डोळे? मी मनात एकेक अवयव घेऊन बघत होते आणि स्वतःलाच शिव्या देत होते.

दादाला दोन्ही पाय होते. उजव्या पायाची टाच चिरडली होती आणि एका कानाने ऐकू येत नव्हतं. आम्हाला बघून तो हसला आणि सवयीने म्हणाला, "सगळं ठीक आहे."

वहिनी खाटेच्या कडेला बसली. तिचा आवाज अगदी सपाट होता.

"ठीक नाहीये. पत्रातही ठीक नव्हतं. ह्यापुढे जे असेल ते मला सांगायचं. तुम्ही, आणि वन्संनीसुद्धा. मी काही काचेची नाहीये."

दादा माझ्याकडे बघायला लागला. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. आतून बऱ्याच वेळाने तिच्या रडण्याचा आवाज आला. तार आल्यापासूनचा तो पहिलाच.

मुलगी वेळेवर झाली, धडधाकट. दादाला सैन्यातून सोडण्यात आलं. पुढे त्याला आडुतुरैला ट्रॅक्टर-दुरुस्तीच्या कारखान्यात काम मिळालं. काठी घेऊन तो बसने जायचा-यायचा. घरी आल्यावर पहिल्याच महिन्यात त्याने टँक खाली काढला आणि माझी बाजू नखाने तपासली. मी म्हटलं, खरवडून टाकते.

"नको. प्लॅस्टिक जाईल." मग तो म्हणाला, "खऱ्या टँकचाही लेप झडून पडायचा." सपाट राहिलेल्या भागाच्या कडा त्याने पात्याने तोडून खडबडीत केल्या आणि मधे गंजाचा रंग भरला. मी शेजारी बसून ब्रश धुऊन देत होते. माझ्या रेघांबद्दल तो एवढंच बोलला, की पहिल्या दोन ओळी त्याच्याहून सरळ आहेत.

वहिनी मात्र वर्ष-दीड वर्ष मला काही विचारत नसे. काय हवं-नको ते सांगायची, वाढायची, माझी वेणीसुद्धा घालून द्यायची. पण प्रश्न कधी नाही. माझ्या उत्तरांवरचा तिचा विश्वास उडाला होता, आणि ते मला रोज टोचायचं.

मुलगी दीड वर्षाची असताना तिला ताप आला. तीन दिवस उतरेना. चौथ्या दिवशी पहाटे मी तिच्याजवळ बसले होते. वहिनी चुलीपुढून उठून आली आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत म्हणाली, "वन्सं, उतरलाय का?"

"थोडा उतरलाय, पुरता नाही," मी म्हणाले आणि थर्मामीटर तिच्या हातात दिला.

तिने तो उजेडाकडे धरून बघितला. मग माझ्या शेजारी सतरंजीवर बसली.