शेठचा घरचा वाल

रोह्यात शेतीच्या औषधांचं दुकान चालवणाऱ्या त्या गृहस्थांना मी नुसतं शेठ म्हणतो. कुणी रोगट पान आणलं की ते अत्तर पारखावं तसं नाकाशी धरतात, डोळे मिटतात, आणि पान कुठल्याही पिकाचं असो, निळ्या झाकणाचीच बाटली काढून देतात. एवढं तयार नाक आणि निदान मात्र एकच, याचं मला कौतुक वाटायचं.

गेल्या जानेवारीत माझ्या वालाला अळी लागली. दुकान बंद होतं, म्हणून कोलाडच्या वाटेवरच्या त्यांच्या घरी गेलो. परसात त्यांचा स्वतःचा वाल हिरवागार उभा होता आणि चहूबाजूंनी झेंडू. औषधाचा वास कुठंच नव्हता.

शेठ जराही ओशाळले नाहीत.

“झेंडूच्या उग्र वासात किड्यांना वाल लवकर गवसत नाय. आणि अळीनं पान कुरतडलं की वेल वेगळाच वास सोडतो. त्या वासावर बारीक गांधीलमाश्या येतात न् अळीचा निकाल लावतात. फवारलं तर त्याच मरतात.”

“मग दुकानात हे का सांगत नाय?”

“वास बाटलीत भरून विकता येत नाय,” ते शांतपणे म्हणाले. मग झेंडूचं बी पुडीत बांधून दिलं. “कुणाकडं बोलू नका. धंदा हाय.”

यंदा माझा वाल झकास आला. शेजारच्या काकूंना वाटलं, झेंडू देवासाठी लावलाय. त्यांच्या शेंगा किडल्या होत्या. “काय करू रे?” त्यांनी विचारलं.

“शेठना विचारा,” मी म्हणालो. ते काय सांगणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.