थुंकण्याचं काम

मिशनच्या सिनेमात काम करायला ज्यांनी नावं दिली होती, त्यांनी कसं वागायचं याचे नियम उपदेशकांनी रविवारी उपासनेनंतर मंदिरातच, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, वाचून दाखवले. विडी-तंबाखू बंद. पान खाऊन येऊ नये. सिनेमाचे कपडे अंगावर असताना बाजारात फिरू नये. भांडू नये, मजुरी मागू नये, कारण हे प्रभूचं काम आहे. येशूचं काम करणाऱ्या मास्तरांची कोणी थट्टा करू नये. आणि शेवटचं म्हणजे, सिनेमा काढणारे मिशनचे गोरे साहेब सांगतील तसं करावं, का म्हणून विचारू नये. आम्ही सगळे ‘आमेन’ म्हणालो. प्रार्थना असो की सूचना, आमच्या मंडळीला आमेन म्हणायची सवयच होती.

मुंबईत तेव्हा बोलपट सुरू झाल्याचं ऐकून होतो. आमचा मात्र मुकाच होता. रेवदंड्याच्या किल्ल्याचा पडका तट आमचं यरुशलेम झाला. चादरी गेरूत बुडवून झगे केले. दाढ्या काथ्याच्या होत्या आणि घामाने त्या इतक्या खाजायच्या, की प्रेषितांचं लक्ष प्रभूपेक्षा हनुवटीकडेच जास्त असे. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते, म्हणून गर्दीतल्या बायकांना गप्प ठेवणं माझ्याकडे आलं. माझा धाकटा भाऊ मिशनची बैलगाडी हाकायचा. सिनेमाच्या पेट्या बंदरावरून त्यानेच आणल्या. तो नकला फार छान करायचा. साहेबांचं मराठी, उपदेशकांचं खोकणं, डॉक्टरीणबाईंचं चालणं, सगळं हुबेहूब. त्याला बघितलं की लोक आधीच हसायला लागत.

येशूची विटंबना होते तो प्रसंग घ्यायचा होता. करवंदीच्या काट्यांचा मुकुट डोक्यावर घालून मास्तर तटाखाली उभे राहिले आणि साहेबांनी गर्दीला सांगितलं, हसा, ओरडा, चिडवा. यंत्र फिरायला लागलं. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्याने डोक्यावरचा रुमाल काढला आणि मान खाली घातली. बायकांनी हात जोडले. साहेबांनी यंत्र थांबवलं, पुन्हा समजावलं, पुन्हा सुरू केलं. आता तर दोघीतिघी गुडघ्यांवरच बसल्या. जन्मभर ज्याच्यापुढे मान खाली घालायला शिकवलं, त्याला शिव्या द्या म्हटल्यावर लोक करणार काय? ऊन तटावरून उतरत चाललं होतं आणि साहेबांचा चेहरा लाल झाला होता. फिल्म महाग होती, ती आता पुन्हा मिळणार नाही, असं ते उपदेशकांना इंग्रजीत सांगत होते.

शेवटी उपदेशकांनी माझ्या भावाला पुढे बोलावलं. तू नकला करतोस ना, म्हणाले, मग पुढे हो, मास्तरांना ढकल, त्यांच्यावर थुंक, बाकीचे तुझं बघून करतील.

भाऊ जागचा हलला नाही. “बाबा, पाप तर न्हाय ना लागायचं?” त्याने उपदेशकांना विचारलं.

“शास्त्रात लिहिलंय ते कोणीतरी दाखवायलाच हवं,” उपदेशक म्हणाले. “आणि नियम ठाऊक आहे ना? सांगितलं तसं करायचं.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. “ताई?”

“बाबा सांगतायत तर कर,” मी म्हणाले. दुसरं काही म्हणायचं सुचलंही नाही.

मग त्याने ते केलं, आणि जे करायचं ते नीट करायचं ही त्याची खोड. कमरेत वाकून मास्तरांना मुजरा केला, त्यांच्याभोवती एक फेरी मारली, हनुवटी धरून तोंड वर केलं आणि थुंकला. वर हसला. ते हसणं मी घरी कधी ऐकलं नव्हतं. गर्दीतली एक बाई मोठ्याने रडायला लागली, कोणीतरी ओरडलं, लोक मागेपुढे झाले, आणि साहेबांना हवं होतं ते सगळं मिळालं. त्यांनी भावाशी हस्तांदोलन केलं. भावाने मास्तरांचा चेहरा आपल्या झग्याने पुसला. “लय चुकलं का मास्तर?” तो विचारत होता. मास्तर “नाही नाही” म्हणाले आणि तोंड धुवायला विहिरीकडे गेले.

आमच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या द्राक्षरसाचा पेला एकच असे. आधी पुरुषांच्या रांगेतून फिरायचा, मग बायकांच्या. एरवी ज्यांनी एकमेकांच्या हातचं पाणी घेतलं नसतं अशा घरांतली माणसं आमच्यात होती, आणि सगळी त्या एका पेल्याला तोंड लावत. ख्रिस्ती होऊन काय मिळवलंत, असं कोणी विचारलं तर आम्ही मोठ्या ताठ्याने त्या पेल्याचं सांगायचो.

सिनेमाचं काम संपल्यावरच्या पहिल्या प्रभुभोजनाला भावाच्या उजवीकडचा माणूस उठून पुढच्या बाकावर गेला. त्याच्यानंतरचाही गेला. भाऊ पुरुषांत शेवटचा राहिला. मागून एक बाई शेजारणीला हळूच म्हणाली, त्याच तोंडाने थुंकला ना हा. त्याच्या हातून पेला घेऊन तो फिरवणाऱ्या मंडळीच्या पंचाने खिशातला रुमाल काढला आणि कड पुसली. अशी कड आमच्याकडे कधी कोणासाठी पुसली नव्हती.

आई नेहमी मागे, भिंतीला टेकून बसायची. ती उठली, बायकांच्या रांगेत सगळ्यांच्या आधी येऊन बसली आणि पंचाचा हात बाजूला करून पेला घेतला. प्यायली. पण तिच्यानंतरच्या बाईने पेला नुसता ओठांजवळ नेला आणि पुढे दिला.

मी उपदेशकांकडे गेले. तुम्हीच सांगितलंत म्हणून त्याने केलं, हे तुम्ही मंदिरात उभं राहून सांगा, म्हटलं. ते म्हणाले, लोक अडाणी आहेत, हळूहळू विसरतील, उगाच विषय वाढवू नये. साहेब रजेवर मायदेशी गेले होते. मास्तरांना रस्त्यात लोक थांबून वाट द्यायला लागले होते, ते कशाला बोलतात? नियमांत सगळं होतं, नियम पाळलेल्या माणसाचं पुढे काय करायचं ते तेवढं नव्हतं. मला तेव्हा जो संताप आला तो अजून गेलेला नाही, आणि जावा अशी माझी इच्छाही नाही.

पुढच्या प्रभुभोजनाला भाऊ मंदिरात आलाच नाही, बैल धुवायला खाडीवर गेला. नकला बंद झाल्या. होळीच्या सुमारास तो आगबोटीने मुंबईला गेला आणि गोदीत कामाला लागला. “तितं कुणी वळखत न्हाय, बरं हाय,” एकदा घरी आला तेव्हा म्हणाला. त्यानंतरच्या पावसाळ्यात तो तापाने गेला. बंदर बंद, बोटी बंद. त्याच्याबरोबर राहणारा माणूस नारळी पौर्णिमेनंतर निरोप घेऊन आला, तोवर त्याला तिकडे पुरून कितीतरी दिवस झाले होते. आईला त्याच्यावर मूठभर मातीही टाकता आली नाही.

सिनेमा मात्र गावोगाव फिरत होता, आणि दर उत्तम शुक्रवारी, येशूच्या मरणाच्या दिवशी, आमच्या मंदिराच्या अंगणात पडदा लागे. आई सगळ्यांच्या पुढे चटईवर जाऊन बसायची. भाऊ पडद्यावर आला की मागून लोक शी शी करायचे, पोरं खडे मारायची. आई हलायची नाही. आमच्याकडे त्याचा फोटो नव्हता. कोण काढणार गाडीवाल्याचा फोटो? तो दिसायचा तो तेवढाच, मुजरा करताना, थुंकताना आणि हसताना. आई घरी येऊन म्हणायची, “बारीक व्हता नाय गं तवा?” मी हो म्हणायचे.

काही वर्षांनी नवे उपदेशक आले. चांगला माणूस. मंडळीत कोणाकडून तरी त्यांना ही हकिगत कळली असावी. उत्तम शुक्रवारच्या आधी ते मुद्दाम आमच्या घरी आले, ओट्यावर आईशेजारी बसले आणि म्हणाले, “आई, तुमच्या मुलाचा तो भाग आम्ही सिनेमातून कापून टाकलाय. आता त्याला कोणी नावं ठेवणार नाही.”

आई म्हणाली, “तो तुकडा कुटं हाय?”

“जाळला, आई. ती फिल्म घरात ठेवायची नसते, पेट घेते.”

“मला द्यायचा व्हता,” आई म्हणाली. “मी माती दिली असती.”