मिठाचे आठ दिवस

‘‘बाहेर म्हणजे कुठं?’’

हा प्रश्न गुरुजींनी एकदा शाळा तपासायला आलेल्या साहेबांना विचारला होता. साहेबांनी केळे खाल्ले, साल खिडकीतून टाकली आणि मागोमाग प्लास्टिकची पिशवीही टाकली.

‘‘साहेब, कुठं टाकलंत?’’

‘‘बाहेर.’’

‘‘बाहेर म्हणजे कुठं?’’

साहेब हसले. गुरुजी हसले नाहीत. ते उठून गेले, दोन्ही वस्तू उचलून आणल्या आणि सातवीच्या वर्गादेखत आवारातल्या एका खड्ड्यात शेजारी शेजारी पुरल्या. परीक्षेनंतर खड्डा उकरला, तेव्हा साल नव्हती. पिशवी जशीच्या तशी होती. ‘‘हा पाहुणा काही मुक्काम हलवायचा न्हाई,’’ असे गुरुजी वर्गाला म्हणाले.

एवढा किस्सा ऐकलेला आहे. पुढचे बहुतेक मी पाहिले.

लातूर जिल्हा वेगळा होऊन फार काळ झाला नव्हता. बऱ्याच कचेऱ्या भाड्याच्या खोल्यांत होत्या आणि जुन्या फायली अजून उस्मानाबादेहून येत होत्या. नांदेडच्या एका दैनिकाने मला तिथे वार्ताहर म्हणून पाठवले. त्या वर्षी बातमी एकच होती, पाणी. रेणापूरच्या पुढे, नाल्याच्या काठी वसलेल्या एका गावात मी त्यासाठीच गेलो. गावात तीन विहिरी होत्या. दोन कोरड्या पडल्या होत्या. तिसरी नाल्याला लागून होती आणि सगळे गाव तिच्यावर जगत होते.

विहिरीच्या काठावर एक माणूस दोरीला दगड बांधून पाण्याची खोली मोजत होता. पांढरा सदरा, खिशाला दोन पेन, सायकलची क्लिप अजून पँटला. ‘‘कालच्यापेक्षा चार बोटं खाली,’’ तो माझ्याकडे न पाहता म्हणाला. गुरुजींची माझी ओळख ही अशी झाली.

ते मूळचे बिलोलीकडचे. मेलेली जनावरे ओढण्याचे गावकीचे काम त्यांच्या वडिलांकडे होते. छप्पन साली धम्म स्वीकारला त्या दिवशी वडिलांनी ते सोडले. गुरुजींनी हे मला एकदाच, एका वाक्यात सांगितले. वडिलांची बहीण, म्हणजे त्यांची आत्या, त्यांच्याच घरी राहत असे. बारीक, काटक म्हातारी होती. घरात तिचा शब्द शेवटचा असे.

गुरुजी विज्ञान शिकवत. पण त्यांचे विज्ञान पुस्तकात कमी आणि आवारात जास्त असे. गांडुळाला ते ‘‘आमचे हेडमास्तर’’ म्हणत. ‘‘खालमानेनं काम, भाषण न्हाई.’’ खरे हेडमास्तर हे ऐकून घेत आणि चहा मागवत. तुम्हीही असे मास्तर पाहिले असतील. गाव त्यांना हसते, पण पोराला ताप आला की आधी त्यांच्याकडेच नेते.

त्या उन्हाळ्यात गुरे मरू लागली. गुरुजींची वस्ती, म्हणजे गावातली बौद्धांची घरे, हे काम कधीच सोडून मोकळी झाली होती. गावाने त्यावर सोपी वाट काढली होती. मेलेले जनावर गाडीत घालायचे आणि विहिरीच्या वरच्या अंगाला, नाल्याच्या वळणावर लोटून द्यायचे. एरवी दोन दिवसांत गिधाडे हाडे मोकळी करत. त्या वर्षी ते जमेना.

‘‘गिधाडांची पोटं भरली,’’ गुरुजी मला ते वळण दाखवत म्हणाले. ‘‘आता पुढचं काम किड्यांचं आन् बारीक जीवांचं. त्यांना वेळ लागतो. तेवढ्या वेळात हे सगळं रेतीत उतरून राहिलंय.’’

मी नाकावर रुमाल धरला होता. तिथून विहीर साठ पावलांवर होती. गावात लहान मुलांना हगवण लागली होती.

‘‘त्याच्यामुळेच?’’ मी विचारले.

‘‘तसं छापू नका. मला माहीत न्हाई. माहीत करून घ्यायचंय.’’

संध्याकाळी ते चावडीवर गेले. मी सोबत होतो. पाटील पायरीवर बसले होते, भोवती दहाबारा माणसे.

‘‘पाटील, जनावरं तिथून हलवावी लागतील.’’

‘‘का बरं?’’

‘‘विहिरीत उतरतंय.’’

‘‘गुरुजी, नाला ठणठणीत कोरडा हाय. वाहून येतंय कुठून?’’

‘‘वरून न्हाई. रेतीखालून.’’

‘‘तुमी बघितलं का रेतीखाली जाऊन?’’ कुणीतरी म्हणाले. माणसे हसली.

‘‘विहिरीत पाणी कुठून येतं मग?’’ गुरुजींनी विचारले.

‘‘झऱ्यातून.’’

‘‘झरा कुठून येतो?’’

पाटलांनी तंबाखू झटकली. ‘‘विहिरीत पावडर टाकू. आन् तुमाला एवढी काळजी असंल तर तुमच्या वस्तीला सांगा, उचला म्हणावं. पयल्यापासून त्यांचंच काम हाय ते.’’

हसू थांबले. गुरुजींचा आवाज चढला नाही.

‘‘ज्याचं जनावर त्यानं ओढावं, पाटील.’’

‘‘कशापायी ओढावं? सबूत काय?’’

आणि मग गुरुजी जे बोलले ते त्यांनी बोलायला नको होते, असे मला अजून वाटते. त्या वळणावर ते खडे मीठ पुरणार होते. आठ दिवसांत विहिरीचे पाणी खारट झाले, तर ज्याने त्याने आपले जनावर माळावर नेऊन गाडायचे.

‘‘आन् न्हाई झालं तर?’’ पाटील म्हणाले.

‘‘तर मी चुकलो. मी एकटा ओढतो. वस्तीतल्या कुणाला हाक मारणार न्हाई.’’

‘‘शर्त?’’

‘‘शर्त.’’

चव कुणी ठरवायची यावर थोडी घासाघीस झाली. पाटलांच्या आईवर दोन्ही बाजू राजी झाल्या. आमटीतले मीठ म्हातारी वासावरून सांगते, अशी तिची ख्याती होती.

घरी आत्या उंबऱ्यात उभी होती. बातमी आमच्या आधी पोचली होती.

‘‘तुज्या बापानं टाकलेला दोर तू उचलणार व्हय रे?’’

‘‘आत्या, उचलावा लागणार न्हाई. हिशोब केलाय मी.’’

‘‘हिशोब,’’ ती म्हणाली, आणि आत गेली.

लातूरच्या बाजारातून एसटीच्या टपावर मिठाचे पोते आले. गुरुजींनी मेलेल्या जनावरांच्या खालच्या बाजूला रेतीत खड्डा खणला, मीठ ओतले आणि त्यावर दोन घागरी पाणी सोडले. ते पाणी त्यांच्या घरच्या वाट्याचे होते. त्या दिवशी त्यांच्या घरी भांडी राखेने घासून तशीच पालथी घातली.

मी लातूरला परतलो आणि बातमी लिहिली. मिठाचा उल्लेख केला नाही. गावात एकच विहीर उरली आहे, मुले आजारी आहेत, टँकरची मागणी आहे, एवढेच लिहिले. बातमी पहिल्या पानावर आली.

चौथ्या दिवशी गेलो, तर गुरुजी विहिरीवर होते. पाटलांच्या आईने घोट घेतला, तोंडात घोळवला आणि म्हणाली, ‘‘गोड हाय.’’

पाचव्या दिवशी गोड. सहाव्या दिवशी गोड.

सातव्या दिवशी दुपारी विहिरीभोवती जत्रेसारखी गर्दी होती. वस्तीतली माणसे वेगळी, थोडी मागे उभी होती. म्हातारीने घोट घेतला. गुरुजींकडे पाहिले. तिला वाईट वाटले असावे. ‘‘गोडच हाय, गुरुजी.’’

‘‘मास्तर, दोर आणून ठिवा,’’ मागून एक जण ओरडला. ‘‘नवा आणा, जुना तुटंल!’’

गुरुजींनी दगडाची दोरी विहिरीत सोडली. वर काढली. ओली खूण पुन्हा पुन्हा पाहिली.

‘‘पाणी वर कसं आलं?’’ ते स्वतःशीच म्हणाले. ‘‘उपसा चालू हाय, झरा तेवढाच. मग वर कसं?’’

तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला. टँकर आला. गर्दी बाजूला झाली, ड्रायव्हरने नळी विहिरीत सोडली आणि पाणी धो धो पडू लागले. आमच्याकडे टँकर असाच रिकामा करतात. घरोघर वाटायला गेले की डोकी फुटतात, म्हणून विहिरीत ओतायचे आणि ज्याने त्याने शेंदून घ्यायचे.

‘‘हा कधीपासून येतो?’’ मी विचारले.

‘‘तुमची बातमी आल्यापासून,’’ पाटील म्हणाले. ‘‘दिवसाआड. मेहरबानी झाली तुमची.’’

टँकर एरवी सकाळी, गुरुजी वर्गावर असताना येई; त्या दिवशी त्याला उशीर झाला होता. टँकर सुरू झाल्याचे त्यांच्या कानावर होते, पण ते पाणी हिशोबात धरायचे राहिले होते. विहीर रिकामी होते म्हणून रेतीतले पाणी तिच्याकडे ओढले जाते. वरून भरली की ओढ थांबते. इतकी साधी गोष्ट. गुरुजींनी ती मला तिथेच, नळीकडे पाहत, वर्गात सांगावी तशी सांगितली.

‘‘मग गावाला सांगा. मुदत वाढवून घ्या.’’

‘‘आठ दिवस म्हणालो मी.’’

‘‘चूक माझी आहे. बातमी मी दिली.’’

‘‘पाणी आलं ना? लेकरं चांगलं पाणी प्यायली. ती चूक कशी?’’

आठव्या दिवशी रविवार होता. सकाळी म्हातारीने घोट घेतला आणि नुसती मान हलवली. गुरुजी घरी गेले. सदरा काढून ठेवला आणि आतल्या बंडीवरच बाहेर पडले. खांद्यावर दोर होता. उंबऱ्यात आत्या बसली होती. तिने पाय बाजूला घेतले नाहीत. ते वळसा घालून, परसाच्या वाटेने गेले.

वळणावर गाव जमले होते. कुणी काही ओरडले नाही. गुरुजींनी पहिल्या गायीच्या पायांना दोर बांधला. गाठ सुटली. पुन्हा बांधली. त्यांना गाठ मारता येत नव्हती. ज्या कामाच्या सावलीत ते जन्मले होते ते त्यांनी कधी केलेच नव्हते. वस्तीतले दोन तरुण पुढे आले. गुरुजींनी हात वर करून त्यांना थांबवले. त्यांनी ती गाय एकट्याने माळापर्यंत नेली. अर्धा दिवस लागला. दुपारनंतर माळावर खड्डा घेतला.

दुसऱ्या दिवशी एक गोऱ्हा. तिसऱ्या दिवशी एक गाय. शाळा सकाळची होती. वर्ग संपला की ते वळणावर जात. मी त्याची बातमी केली नाही. काय लिहायचे ते मला ठरवता आले नाही.

त्याच सुमारास टँकरचा पाटा तुटला आणि खेप बंद पडली. गाव विहीर उपसत राहिले. पाणी पुन्हा बोटाबोटाने खाली जाऊ लागले. शर्त संपली होती, चव पाहायला आता कुणी येत नव्हते.

चौथ्या दिवशी पाटलांच्या घरी चहा फाटला. पाटलांनी सुनेला विचारले, दूध नासले का. सून म्हणाली, दूध ताजे आहे. म्हातारी उठली. तिने घागरीतले पाणी ओंजळीत घेतले, तोंडात घोळवले आणि अंगणात थुंकली.

‘‘खारं हाय,’’ ती म्हणाली. ‘‘आन् ते मानूस तिथं एकलं वढून राहिलंय.’’

हे मला सुनेने सांगितले. पुढचे मी पाहिले. पाटील स्वतःची बैलजोडी घेऊन वळणावर आले. बैल मेलेल्या जनावरांजवळ जायला बिचकत होते. पाटलांनी त्यांच्या डोळ्यांवर उपरणे बांधले. उरलेल्यांतले सगळ्यात मोठे जनावर पाटलांचाच बैल होता. ते त्याच्यापाशी उभे राहिले. मग वाकले आणि त्याचे पाय धरले. त्यांच्यामागे एकेक जण आपापल्या जनावरापाशी गेला. कुणी माफी मागितली नाही, कुणी शर्तीचे नाव काढले नाही. गुरुजी त्यांच्या जनावराचा दोर धरून उभे होते. ते जनावर त्यांचे नव्हते, पण त्यांनी ते अर्ध्यावर आणले होते.

आत्या कधी आली ते मी पाहिले नाही. ती सरळ गुरुजींपाशी गेली. त्यांच्या मुठीतून तिने दोर सोडवून घेतला, एक एक बोट उलगडून. तळहात सोलले होते. तिने दोर गुंडाळला, माळावरच्या खड्ड्यापर्यंत चालत गेली आणि आत टाकला.

‘‘घरी चल,’’ ती म्हणाली. ‘‘लई झालं.’’

ज्याचे जनावर होते तो गोंधळून उभा होता. शेवटी त्याने खांद्यावरचा पंचा काढला, पीळ दिला आणि तोच जनावराच्या पायांना बांधले.

पाणी पंधराएक दिवस मचूळ राहिले. गुरुजी चुकले होते तेही खरे आणि बरोबर होते तेही खरे. गावाने दोन्ही लक्षात ठेवले. जूनमध्ये त्यांची बदली झाली. कर्नाटकाला लागून असलेल्या, उदगीरच्या पलीकडल्या एका गावात. निरोपसमारंभ झाला नाही. आत्या, दोन ट्रंका आणि सायकल घेऊन ते सकाळच्या गाडीने गेले. मी पोचलो तेव्हा शाळेत नवे मास्तर हजेरी घेत होते.

पुढच्या वर्षी मी त्या रस्त्याने जात होतो. माळावर पाटलांचा थोरला मुलगा एकटाच खड्डा खणत होता. शेजारी वासरू पडले होते, त्यावर गोणपाट टाकले होते. मला पाहून त्याने गाडी थांबवायची खूण केली.

‘‘साहेब, गुरुजी खड्डा किती खोल घ्यायला सांगत व्हते? कंबरंइतका का छातीइतका?’’

मी वही काढली. टँकरच्या खेपा होत्या, विहिरीची खोली होती, तारखा होत्या. हे लिहिलेले नव्हते.

‘‘ठाऊक नाही,’’ मी म्हणालो.

तो खड्ड्यात उतरून उभा राहिला. माती त्याच्या कमरेला लागत होती. त्याने माळाच्या उताराकडे, खाली विहिरीकडे पाहिले. मग सदरा काढून काठावर ठेवला आणि आणखी खोल खणू लागला.