पाटीवर शिंपडलेलं पाणी

"पाटी खाली ठेव आणि मागं सर."

ठेवली. मागं सरलो. स्टेशनातला नवा कारकून खुर्चीतून उठला, तांब्यातलं पाणी ओंजळीत घेतलं आणि माझ्या पाटीवर शिंपडलं. तीन वेळा. मग पंच्याच्या टोकाने ती पुसली आणि उचलून बघितली. पाटी काळीभोर, स्वच्छ. तिच्यावर मी खडूने लिहिलेला आकडा पाण्याबरोबर गेला होता.

कल्याणच्या पुढे, घाटाच्या अलीकडे, आमचं लहानसं स्टेशन. माझं काम चाकं वाजवण्याचं. घाट चढणारी प्रत्येक मालगाडी इथे थांबायची. मी लांब दांड्याचा हातोडा घेऊन रुळाच्या कडेने चालायचो, एकेका चाकावर घाव घालायचो आणि ऐकायचो. चांगलं चाक खणखणतं. तडा गेलेलं चाक फुटक्या मडक्यासारखं बद्द वाजतं. त्याच फेरीत चाकांच्या आसाला जनावराची चरबी भरायची असायची, म्हणून हे काम आम्हा महारांच्या वाट्याला आलं. त्या चरबीला हात लावायला दुसरं कोण येणार?

डब्यांवरचे इंग्रजी आकडे बघून बघून मी ते काढायला शिकलो होतो. तेवढीच माझी विद्या. ज्या डब्याचं चाक बद्द वाजेल त्याचा आकडा मी पाटीवर लिहायचा, कारकुनाने तो वहीत चढवायचा, मग तो डबा गाडीतून काढायचे. डब्यावर खूण करायची मला बंदी होती. आधीचे कारकून लांबूनच पाटी वाचायचे. शिव्याही द्यायचे, पण वाचून झाल्यावर. या नव्याचं सोवळं आधी होतं.

"मास्तर, शेवटून तिसऱ्या डब्याचं चाक गेलंय," मी म्हणालो. "आकडा पाण्याने पुसला. पुन्हा लिहून देतो."

"पाटी कोरी आहे. म्हणजे गाडी बरी आहे."

"मास्तर, पुढं घाट हाय. गाडीवर माणसं हायती."

"आता तू मला शिकवणार? पुन्हा पाटीला हात लावलास तर चाबकाने फोडून काढीन."

दारात चार हमाल उभे होते. हसले. "महार मास्तर झाला," त्यांच्यातला एक म्हणाला. माझे कान तापले. मान खाली गेली. लहानपणापासून तिला तेवढंच शिकवलेलं.

बाहेर आलो तेव्हा गाडी सुटत होती. शेवटून तिसऱ्या डब्यावरच गोमा बसला होता. गोमा कल्याणच्या खाडीकडचा आगरी. घाटात गाडी आवरायला हाताने ब्रेक फिरवायचा. मला तंबाखू द्यायचा तो वरून, तळहातावर टाकून. शिवायचा नाही. पण माझ्या हातोड्यावर त्याचा देवाइतका भरवसा.

"काय रं, बरा हाय ना समदा?" त्याने वरून विचारलं.

ते हसणं अजून माझ्या कानात होतं. मी मान हलवली. हो म्हणून. गोमाने हात केला आणि गाडी घाटाकडे निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी खबर आली. घाटात चाक फुटलं, डबा दरीत गेला. गोमाला चादरीत बांधून खाली आणलं. त्याची बायको फलाटावर बसून होती. रडत नव्हती. मला बघून म्हणाली, "तू वाजवला व्हतास ना रं चाक?"

वाजवलं होतं. ऐकलंही होतं.

तेव्हापासून मला सगळंच बद्द ऐकू येतं. बायको हंडा खाली ठेवते, बद्द. लांबून देवळाची घंटा ऐकतो, ती बद्द. आणि डोळे मिटले की माझीच मान दिसते, हलताना.

आठवड्याने गोरा साहेब चौकशीला आला. कारकुनाने कागद तयार ठेवला होता. तो माझ्यापुढे जमिनीवर टाकला.

"निशाणी कर."

"आधी वाचून दाखवा."

वाचला. मी आळस केला, चाकं वाजवलीच नाहीत, असं त्यात मी कबूल करत होतो.

मी वाकलो नाही. कनवटीचा खडू काढला, सरळ साहेबाच्या टेबलाशी गेलो आणि त्या चकचकीत लाकडावर आकडा काढला. दरीत गेलेल्या डब्याचा. वळण वेडंवाकडं, आकडा बरोबर. "बाटवलंस सगळं!" कारकून ओरडला. साहेबाने आपल्या कागदावर आकडा पडताळला. माझ्याकडे बघितलं, कारकुनाकडे बघितलं. मग खिशातला रुमाल काढून टेबल पुसलं.

"जाव," म्हणाला.

एकाने सोवळ्यासाठी पुसलं, दुसऱ्याने साहेबीसाठी. आकडा दोन्हीदा माझाच गेला.

मला कामावरून काढलं नाही. दुसरा असा कान कुठून आणणार? कारकूनही तिथेच आहे. तांब्याही.

पाटी मात्र मी त्याच दिवशी दगडावर फोडली. आता चाक बद्द वाजलं की डांबरात बोट बुडवून आकडा काढतो. डब्यावर, आणि कारकुनाच्या दारावर. डांबर पाण्याने जात नाही. मग हातोडा घेऊन इंजिनापुढे रुळात उभा राहतो. शिट्ट्या होतात, शिव्या होतात, एकदा चाबूकही झाला. आकडा वहीत चढवून वही मला दाखवतात, तेव्हाच हलतो.

गोमाच्या बायकोला मी सगळं सांगितलं. मान हलवली होती, तेही. ती उठली आणि दार लावून घेतलं. तिने लावावंच.

ही मान आता खाली जाणार नाही आणि खोटी हलणारही नाही. गाडी न्यायची असेल तर आधी वहीत लिहा. नाहीतर माझ्या अंगावरून न्या.